न्यूयॉर्कच्या जुन्या सँडविच डेलीत मित्रमंडळींसह जाताना: माणसांच्या यादीपासून उरलेल्या डब्यापर्यंत

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की न्यूयॉर्क दाखवण्याचा एक ठरलेला कार्यक्रम असतो: स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, आणि पाय पार बोलू लागल्यावर समोर दिसेल त्या दुकानातला पिझ्झा. त्यात डेली सहसा नसते, आणि असली तरी तिथला बेत फसण्याची शक्यता मोठी असते. आमचा पहिला बेत असाच फसला होता. आम्ही सात जण होतो, वार शनिवार होता, दुपारचा एक वाजला होता आणि तिथे काय मिळते हे कोणीच आधी पाहिलेले नव्हते. तासभर रांगेत उभे राहून आम्ही माणशी एक याप्रमाणे सँडविच मागवले, त्यातले निम्मे टाकून द्यावे लागले, आणि दोन शाकाहारी मैत्रिणींनी बटाट्याच्या फ्राइज व काकडीच्या लोणच्यावर दुपार काढली. यात दुकानाचा काहीच दोष नव्हता. आम्ही उडुप्याच्या हॉटेलात शिरावे तसे आयत्या वेळी शिरलो होतो. त्यानंतर अनेक खेपा घातल्यावर जी पद्धत बसली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

डेली म्हणजे नेमके कोणते दुकान

न्यूयॉर्कमध्ये ‘डेली’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या दुकानांना लावला जातो, आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. कोपऱ्याकोपऱ्यावर दूध, बिस्किटे, लॉटरीची तिकिटे आणि सकाळी अंडे-चीज घातलेला पाव विकणारे, रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे छोटे दुकान हीसुद्धा डेलीच. तिला बोदेगा असेही म्हणतात. या लेखाचा विषय ती नव्हे. येथे अभिप्रेत आहे ती ज्यू स्थलांतरितांची जुनी डेली, जिथे खारवून, धुरी देऊन, वाफवलेले मांस गिऱ्हाइकासमोर हाताने कापून राय या धान्याच्या पावात रचून देतात.

मूळ शब्द ‘डेलिकेटेसन’ जर्मन लोकांबरोबर अमेरिकेत आला. पुढे १८८० ते १९२० च्या दरम्यान पूर्व युरोपातून वीस लाखांच्या आसपास ज्यू अमेरिकेत आले, त्यांतील फार मोठा भाग मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या दाटीच्या वस्तीत राहिला, आणि तिथे या दुकानांना आजचे रूप आले. १९३० च्या दशकात शहरात दीड हजारांच्या आसपास कोशर, म्हणजे ज्यूंचे आहारनियम पाळणाऱ्या, डेली होत्या. आता त्यांतल्या फारच थोड्या उरल्या आहेत. १९३७ पासून चालणारी आणि जगभर गाजलेली कार्नेगी डेली २०१६ च्या ३१ डिसेंबरला बंद झाली. त्यामुळे ‘पुढच्या वेळी जाऊ’ म्हणून एखादे जुने दुकान राखून ठेवणे शहाणपणाचे नाही.

आधी माणसे, मग दुकान

बेत आखताना बहुतेक जण आधी दुकान निवडतात आणि मग माणसे गोळा करतात. डेलीच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा, कारण या दुकानांचा मुख्य पदार्थ गोमांस आहे आणि मराठी मित्रमंडळींत त्याबद्दल एकमत असण्याची शक्यता कमी. कोण गोमांस खातो, कोण फक्त कोंबडी आणि मासे खातो, कोण अंडे खातो, कोण अंड्यालाही हात लावत नाही, कोणाचा आज चतुर्थीचा उपास आहे, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे. स्वतंत्रपणे म्हणण्याचे कारण असे की, सर्वांच्या गटात विचारले तर भिडस्त माणूस ‘मला काहीही चालेल’ असे लिहून मोकळा होतो आणि टेबलावर बसल्यावर त्याची पंचाईत होते.

ज्यांना केवळ गोमांस वर्ज्य आहे त्यांच्यासाठी जवळजवळ प्रत्येक डेलीत टर्की या पक्ष्याच्या मांसाचे सँडविच असते, आणि अनेक ठिकाणी पास्त्रामीचे, म्हणजे मसाला लावून धुरी दिलेल्या गोमांसाचे, तेच मसाले लावून धुरी दिलेली टर्की पास्त्रामीही असते. मात्र ती कापली जाते त्याच काउंटरवर, बहुधा त्याच सुरीने. पानात काय पडते एवढाच ज्याचा प्रश्न आहे त्याला हे चालते. परंतु सुरीला लागलेलेही ज्याला चालत नाही, त्याला ‘काही होत नाही’ म्हणून तिथे नेणे हा मैत्रीचा गैरफायदा आहे. त्याच्यासाठी वेगळे दुकान निवडावे, आणि तशी दुकाने याच वस्तीत आहेत.

शाकाहारी मंडळींसाठी जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण यादीतील नाव पाहून शाकाहारी वाटणारे पदार्थ इथे हमखास दगा देतात. मात्सो बॉल सूप हे दिसायला भोपळ्याच्या सारात सोडलेल्या मोठ्या गोळ्यासारखे निरुपद्रवी असते. पण ते पाणी म्हणजे कोंबडीचा रस्सा असतो, आणि मात्सोच्या, म्हणजे ज्यूंच्या बिनखमिराच्या कडक पोळीच्या, चुऱ्याचे गोळे अंड्यात, पुष्कळदा कोंबडीच्या चरबीत, बांधलेले असतात. वाटाण्याच्या सुपात मांसाचा अर्क असू शकतो. लाटके म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले थालीपीठच, पण त्यात सहसा अंडे असते. कोलस्लॉ या कोबीच्या कोशिंबिरीतल्या मेयोनेझमध्येही अंडे आलेच. कोशर दुकानात काही पदार्थांवर ‘पारेव्ह’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की त्यात मांसही नाही आणि दूधही नाही. अंडे आणि मासे हे पारेव्ह या वर्गातच मोडतात, म्हणून पारेव्ह म्हणजे शाकाहारी असे धरून चालणे ही आपल्याकडच्या माणसांची नेहमीची चूक आहे.

कोशर हा शब्दही एकदा समजून घ्यावा. कोशर नियमांनुसार मांस आणि दूध एका जेवणात एकत्र येत नाहीत, आणि डुकराचे मांस व कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे जीव पूर्ण वर्ज्य असतात. परिणामी मांस विकणाऱ्या कोशर डेलीत चीज नसते, लोणी नसते आणि कॉफीत घालायला दूधही नसते. याची दुसरी बाजू शाकाहाऱ्यांच्या फायद्याची आहे: जिथे दुधाचे पदार्थ मिळतात त्या कोशर दुकानात मांस नसते. या ‘डेअरी’ उपाहारगृहांची परंपरा न्यूयॉर्कमध्ये डेलीइतकीच जुनी आहे. सेकंड अव्हेन्यूवरील बी अँड एच डेअरी हे त्यातले १९३० च्या दशकापासून चालणारे, एका अरुंद बोळाएवढे दुकान आहे. तिथे मासे मिळतात. पण सूप, ब्लिंत्झ म्हणजे चीज भरून गुंडाळलेली धिरडी, पिएरोगी म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या करंज्या आणि लोणी लावलेला जाड हाला पाव यांवर शाकाहारी माणसाचे पोट व्यवस्थित भरते. हाला पावात मात्र अंडे असते, ते न चालणाऱ्याने आधी विचारून घ्यावे.

दुकानाची निवड

पहिल्या खेपेसाठी माझी शिफारस ह्यूस्टन स्ट्रीट आणि लडलो स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील कॅट्झ डेलिकेटेसनची आहे. (या रस्त्याचा उच्चार टेक्सासमधल्या शहरासारखा न करता ‘हाऊस्टन’ असा करतात, टॅक्सीवाल्याला सांगताना ते लक्षात ठेवावे.) हे दुकान आपली सुरुवात १८८८ सालची सांगते. ते पर्यटकांनी भरलेले असते, महाग असते, गोंगाटाचे असते, आणि तरीही मांस हाताने कापण्याची जी पद्धत इतरत्र विरळ झाली ती इथे एका रांगेत उभ्या असलेल्या पाच-सहा कटर मंडळींच्या हातात रोज दिवसभर पाहता येते. छताला टांगलेल्या एका पाटीखाली गर्दी करून लोक छायाचित्रे काढताना दिसतील. १९८९ च्या एका गाजलेल्या चित्रपटातील प्रसंग त्या टेबलावर चित्रित झाला होता. कॅट्झ हे नियमाप्रमाणे कोशर नाही. तिथे मांसावर चीज घातलेले रूबेन सँडविच मिळते.

ज्यांना टेबलावर शांतपणे बसून, वाढप्याकडून मागवून खायचे आहे, किंवा ज्यांच्यासोबत ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांनी ईस्ट ३३ व्या रस्त्यावरील सेकंड अव्हेन्यू डेली निवडावी. नाव एका रस्त्याचे आणि दुकान दुसऱ्याच रस्त्यावर, याचे कारण असे की १९५४ मध्ये एब लेबेवोल यांनी ती खरोखरच सेकंड अव्हेन्यूवर काढली होती. २००६ च्या सुरुवातीला भाड्याच्या वादातून ती जागा सुटली आणि २००७ च्या डिसेंबरात दुकान ३३ व्या रस्त्यावर पुन्हा उघडले. ही डेली कोशर आहे, म्हणून इथे चीज मागू नये. टेबलावर लोणचे आणि कोलस्लॉ न मागताच येतात.

कॅट्झची बाजू मी घेतो त्याला आणखी एक कारण आहे. ह्यूस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेकडील पदपथावर, पाच-सात मिनिटांच्या चालीत, तीन जुनी दुकाने ओळीने लागतात: १३७ क्रमांकाला योना शिमेल यांची क्निशची बेकरी, १७९ ला रस अँड डॉटर्स, आणि २०५ ला कॅट्झ. वेगवेगळ्या खाण्याच्या मंडळींना एकत्र न्यायचे असेल तर यापेक्षा सोयीचा रस्ता मला त्या शहरात ठाऊक नाही. क्निश म्हणजे पातळ पारीत बटाटा किंवा कुट्टूचे सारण भरून भट्टीत भाजलेला, हाताच्या पंजाएवढा गोळा. ‘क’चा उच्चार करावा लागतो. बटाटावड्याचा हा दूरचा, न तळलेला आणि बिनमिरचीचा नातेवाईक आहे असे समजावे. तो पोटात जड जातो. रस अँड डॉटर्स हे १९१४ साली सुरू झालेले दुकान डेली नाही. मासे आणि दुधाचे पदार्थ विकणाऱ्या अशा दुकानाला तिथे ‘ॲपेटायझिंग’ म्हणतात. खारवलेला किंवा धुरी दिलेला रावसासारखा सामन मासा, क्रीम चीज आणि बेगल हा मधे भोक असलेला गोल पाव, हे तिथले मुख्य खाणे. जोएल रस यांनी आपल्या तिन्ही मुलींना भागीदार करून दुकानाच्या नावात ‘आणि मुली’ असे घातले, ही त्या काळी अनोखी गोष्ट होती. गोमांस न खाणारा पण माशावर जीव असलेला मालवणी मित्र इथे सुखाने रमतो. जैन मित्रासाठीही साधे बेगल आणि क्रीम चीज हा त्यातल्या त्यात बिनधोक मार्ग आहे, कारण क्निशमध्ये कांदा-बटाटा टाळणे अवघड असते.

दिवस, वेळ आणि वाट

शनिवार-रविवारी बारा ते तीन ही वेळ टाळावी. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी साडेतीननंतर रांग बरीच आटोक्यात असते. शनिवारीच जायचे असेल तर दुकान उघडल्यावर लवकर पोहोचावे, आणि काटेकोर कोशर दुकाने शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सायंकाळपर्यंत बंद असतात हे ध्यानात ठेवावे. रस अँड डॉटर्स दुपारी लवकर बंद होते, त्यामुळे तिथला टप्पा उशिरावर टाकू नये.

जर्सी सिटी किंवा होबोकेनहून येणाऱ्यांनी पाथ या न्यू जर्सी-मॅनहॅटन गाडीने ३३ व्या रस्त्यावर उतरावे आणि तिथूनच सबवेची खाली जाणारी एफ गाडी धरून सेकंड अव्हेन्यू स्थानकावर उतरावे. एडिसन-इझलिनकडची मंडळी न्यू जर्सी ट्रान्झिटने पेन स्टेशनला उतरून एका लांब चौकाचे अंतर चालत हेराल्ड स्क्वेअरला येतात आणि तीच एफ गाडी पकडतात. पाथ आणि सबवे यांचे भाडे वेगवेगळे पडते. सुटीच्या दिवशी सबवेच्या मार्गांत दुरुस्तीसाठी बदल होत असतात, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचे वेळापत्रक पाहावे. गाडी घेऊन जाण्याचा मोह टाळावा. त्या भागात गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात सँडविच खाऊन होते.

संख्येबद्दल माझे मत ठाम आहे: चार जण उत्तम, सहा चालतील, आठ जणांनी दोन गट करून जावे. कॅट्झमध्ये एकत्र टेबल राखून ठेवता येत नाही, आणि आठ खुर्च्या एकदम रिकाम्या होण्याची वाट पाहण्यात गरम मांस थंड होते.

काउंटरवर

कॅट्झच्या दारातच प्रत्येकाच्या हाती एक छापील तिकीट दिले जाते. आपण जे जे घेऊ त्याची नोंद कर्मचारी त्या तिकिटावर करतात आणि बाहेर पडताना त्यावरून पैसे द्यावे लागतात. तिकीट कोरे राहिले तरी ते परत द्यावेच लागते. हरवल्यास दंड ५० डॉलरचा आहे. यावर आम्ही बसवलेला तोडगा असा की, आत शिरताच सर्व तिकिटे गटातील सर्वांत नेटक्या माणसाकडे जमा करायची, सगळी मागणी एकाच तिकिटावर घ्यायची आणि बाकीची कोरी तिकिटे त्याच्याच खिशात ठेवायची. लहान मुलांच्या हाती तिकीट देऊ नये.

त्यानंतर गटाची विभागणी करावी. दोघांनी टेबल शोधून बसावे, एकाने पेये व बाजूचे पदार्थ मिळतात त्या काउंटरवर जावे, आणि तिकीटधारकाने कटरच्या रांगेत उभे राहावे. प्रत्येक कटरसमोर स्वतंत्र रांग असते, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ लोक सर्वांत लांब रांगेच्या शेपटाला उभे राहतात. भिंतीलगतच्या टेबलांवर वाढप्यांची सेवा असते. तिथे बसल्यास रांग टळते, पण मांस कापताना पाहण्याची मजाही टळते.

आपली पाळी आल्यावर कटरला थोडक्यात सांगायचे असते: कोणते मांस, कोणता पाव, मोहरी लावायची की नाही, आणि मांस रसरशीत हवे की कमी चरबीचे. रसरशीतच मागावे. प्रकृतीच्या कारणाने चरबी टाळायची असेल तर सँडविच कमी खावे, पण कोरडे खाऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. कटर सहसा एका बशीत चवीसाठी तुकडा देतो. तो घ्यावा, तिथेच खावा, आणि काउंटरवरील पेल्यात एक-दोन डॉलरची रोख टीप टाकावी. ही टीप शेवटच्या बिलात धरली जात नाही. म्हणून सुट्या नोटा आधीच खिशात असाव्यात.

सँडविचमध्ये काय असते आणि ते तसे का असते

पास्त्रामीचे नाव तुर्की ‘पास्तिर्मा’वरून आले, रुमानियातून आलेल्या ज्यूंनी तो प्रकार न्यूयॉर्कला आणला. रुमानियात ती हंसाच्या मांसाचीही करत. अमेरिकेत गाईच्या पोटाकडचा चरबीदार भाग स्वस्त होता, म्हणून तो वापरात आला. हे मांस मीठ, साखर आणि मसाल्यांत कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे, मुरवत ठेवतात. नंतर त्याला भरडलेले काळे मिरे आणि धणे यांचा जाड थर लावून मंद धुरी देतात आणि विकण्यापूर्वी तासन्‌तास वाफवतात. धुरीने चव येते, पण मऊपणा येतो तो वाफेने, कारण चिवट भागातील कोलॅजेन ओल्या उष्णतेत हळूहळू विरघळते. इतके मऊ झालेले गरम मांस यंत्राच्या पात्यावर धरले तर त्याचा भुगा होतो, आणि म्हणूनच ते हाताने, धाग्यांच्या आडव्या दिशेने, जाडसर कापावे लागते. कटर मंडळींचे कौशल्य नेमके याच ठिकाणी पणाला लागते.

मराठी नाकाला या काळ्या कडेचा वास अनोळखी वाटत नाही. धणे आणि मिरे हे आपल्या गोड्या मसाल्यातले घरचे लोक. ते इथे धुराच्या संगतीत भेटतात एवढेच. आतला गुलाबी रंग पाहून मात्र अनेक जण दचकतात आणि मांस कच्चे राहिले असे समजतात. ते पूर्ण शिजलेले असते. खारवताना वापरलेल्या नायट्राइटमुळे तो रंग टिकून राहतो.

कॉर्न्ड बीफ हे त्याचे साधे भावंड. त्याला मिऱ्या-धण्यांचा थर नसतो आणि धुरीही दिलेली नसते. छातीकडचा भाग खारवून उकडलेला असतो. नावातील ‘कॉर्न’चा मक्याशी काही संबंध नाही, खारवण्यासाठी वापरत असलेल्या मिठाच्या दाण्यांवरून ते नाव पडले. दोन्ही शेजारी ठेवून खाल्ल्याशिवाय धुरी म्हणजे काय ते नीट कळत नाही, आणि मित्रांसोबत जाण्याचा खरा फायदा हाच आहे. एकट्या माणसाला दोन सँडविच मागवून तुलना करणे परवडत नाही आणि पचतही नाही.

पाव रायचाच घ्यावा. त्यातील कॅरावेच्या बिया, म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या कुळातला दाणा, आणि पिठाचा किंचित आंबूसपणा चरबीला तोलून धरतात. मोहरीचा तिखट तपकिरी लेप तेच काम दुसऱ्या बाजूने करतो. पास्त्रामीवर मेयोनेझ मागितल्यास कोणी हाकलून देत नाही, परंतु आजूबाजूच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या भुवया वर जातात, आणि मला वाटते त्यांचे बरोबर आहे: पुरणपोळीला केचप लावण्यापैकीच तो प्रकार. रूबेनची गोष्ट वेगळी. त्यात कॉर्न्ड बीफ, स्विस चीज, आंबवलेली कोबी आणि मेयोनेझचेच रशियन ड्रेसिंग घालून पाव भाजतात. तो चविष्ट असतो, पण त्यात मांसाची स्वतःची चव झाकली जाते. पहिल्या खेपेला तो मागवू नये.

लोणचे म्हणजे इथे तेल-मोहरीचे लोणचे नव्हे. लसूण आणि शेपू घातलेल्या मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या या अख्ख्या काकड्या असतात, आणि पारंपरिक पद्धतीत त्यात व्हिनेगर घालत नाहीत. थोडे दिवस मुरलेली हिरवीगार, करकरीत असते तिला हाफ सावर म्हणतात. कित्येक आठवडे मुरलेली ऑलिव्हच्या रंगाची आणि सणसणीत आंबट असते ती फुल सावर. दोन्ही मागाव्यात.

पेयांत डॉक्टर ब्राउन कंपनीचा सेल-रे सोडा एकदा तरी चाखावा. तो अजमोद्याच्या बियांच्या अर्काचा असतो आणि त्याच्या वासाने ओव्याची आठवण होते. आमच्या गटात त्याच्यावरून कायमचे दोन तट पडले आहेत.

मागवण्याचे आणि खाण्याचे गणित

एका सँडविचमध्ये पाव किलोहून अधिक मांस असते, म्हणून चार जणांत दोन सँडविच हे कमाल प्रमाण मानावे. माझी चौघांसाठीची ठरलेली मागणी अशी: एक पास्त्रामी, एक कॉर्न्ड बीफ किंवा टर्की, एक मात्सो बॉल सूप, लोणच्याची बशी, आणि दोन-तीन पेये. शाकाहारी मित्र सोबत असेल तर सर्वांनी मिळून आधी योना शिमेलकडे जावे, तिथे बसून क्निश खावे, आणि मगच पुढे सरकावे. त्याला कॅट्झमध्ये नेऊन फ्राइज खायला लावण्यापेक्षा दिवसाचा पहिला आणि गरम घास त्याच्या आवडीचा व्हावा, हे आम्ही त्या फसलेल्या शनिवारानंतर शिकलो. काही डेलींत एक सँडविच दोघांत वाटून खाल्ल्यास वेगळे पैसे लावतात; तसा उल्लेख यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो.

टेबलावर आल्यावर छायाचित्रांना अर्धा मिनिट द्यावा, त्याहून अधिक नाही. वाफ गेली की चरबी गोठू लागते आणि दहा मिनिटांपूर्वीचे सँडविच उरत नाही. कापलेल्या अर्ध्यांचे पुन्हा अर्धे करून चौघांनी आधी कॉर्न्ड बीफ आणि मग पास्त्रामी असा क्रम ठेवावा, कारण धुरी आणि मिरे एकदा जिभेवर बसले की सौम्य मांस पाणचट लागते. मधे मधे काकडीचा घास घ्यावा. सूप आधी यावे की मागाहून यावर मतभेद आहेत. थंडीच्या दिवसांत मी ते आधीच घेतो. गोमांस न खाणाऱ्याची बशी टेबलाच्या एका टोकाला, स्वतंत्र चमच्यांसह मांडावी आणि तिच्यावरून वस्तू पलीकडे देऊ नयेत. सांगायला ही बारीक गोष्ट आहे, पण त्या माणसाला घास सुखाने जातो.

खर्चाचा अंदाज आधीच सर्वांना द्यावा. एक पास्त्रामी सँडविच २५ डॉलरच्या वर जाते, त्यावर शहरातील ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो, आणि वाढप्याची सेवा घेतल्यास १८ ते २० टक्के टीप अपेक्षित असते. वाटून खाल्ल्यास माणशी तीस-एक डॉलरमध्ये भागते. प्रत्येकाने स्वतंत्र सँडविच घेतल्यास ते चाळिशीच्या पुढे सरकते. पैसे एकाने भरावेत आणि हिशेब परतीच्या गाडीत करावा. मात्र ज्याने केवळ क्निश आणि सोडा घेतला त्याच्यावर पास्त्रामीचा समान वाटा टाकू नये. समान वाटणी सोपी असते, पण शाकाहारी माणूस दर वेळी इतरांच्या मांसाचे पैसे भरत राहतो आणि भिडेपोटी बोलत नाही.

उरलेले घरी नेताना

उरलेले सँडविच जसेच्या तसे बांधून घेऊ नये. मांस आणि पाव वेगवेगळे गुंडाळून मागावेत, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत पावाचा लगदा होतो. शिजलेले मांस बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक राहू नये, असा अमेरिकेतील अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून डेलीनंतर संग्रहालय पाहण्याचा बेत असेल तर उरलेले नेण्याचा विचार सोडावा, किंवा बेताचा क्रम उलटा करून संग्रहालय आधी उरकावे. घरी मांस फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

गरम करताना मायक्रोवेव्ह वापरल्यास मांसाच्या कडा चामड्यासारख्या होतात. डेलीत ते वाफेवर मऊ झालेले असते, तेव्हा घरीही वाफच द्यावी. आमच्याकडे हे काम इडलीपात्रात होते: तळाला दोन पेले पाणी, वर छोट्या वाटीत मांसाचे तुकडे, सैल झाकण, आणि पाणी उकळू लागल्यावर सात-आठ मिनिटे मंद आच. तोवर रायचे तुकडे तव्यावर कोरडेच भाजून घ्यावेत. शाकाहारी घरात उसन्या मागून आणलेल्या इडलीपात्रात हा प्रयोग करू नये. मिऱ्या-धुराचा वास पुढच्या दोन घाण्यांपर्यंत इडल्यांना येत राहतो.